शनिवारी लावलेला फ्रिज

रविवार, २ फेब्रुवारी

काल शब्बाथ मोडला. म्हणजे मोडावा लागला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, लिहायचं नसतं, फोन, वीज, गाडी काही वापरायचं नसतं, म्हणून आज लिहितेय, आणि सविस्तर लिहितेय, कारण माझा एम.ए.चा प्रबंध नेमका याच विषयावर आहे: ज्यू धर्मशास्त्रात दुसऱ्याला वाचवण्यासाठी मोठं पाप कधी चालतं? आता घरबसल्या उदाहरण मिळालं.

सकाळी लीलामावशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या, छातीला हात लावला आणि म्हणाल्या, "येमी, कळ येतेय गं. रूबेनला फोन लाव."

मी म्हटलं, अँब्युलन्स. त्या म्हणाल्या, अँब्युलन्स नको, रूबेन. मी दोन्हीकडे लावला. शास्त्र पाठ होतं. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध या तीन गोष्टी जीव गेला तरी करायच्या नाहीत. बाकी सगळं जिवापुढे बाजूला सारायचं, शब्बाथसुद्धा.

अँब्युलन्सवाल्यांनी सगळं तपासलं. हृदय उत्तम, पोटात वायू असावा म्हणाले. तोवर मावशींचा मुलगा, रूबेनदादा, मेडनहेडहून गाडीने आले. ते धर्म फारसा पाळत नाहीत. त्यांची बायको गेल्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन एडिंबरोला गेली, आणि ख्रिसमसच्या आधी त्यांची नोकरी गेली. पूर्वी शनिवार मुलांचा असायचा, पोहणं आणि पिझ्झा. आता शनिवार मोकळाच असतो, म्हणून बरं, लगेच येता आलं.

ते आले आणि कळ थांबली. मावशींनी त्यांना दोनदा भात वाढला. सूर्यास्तानंतरच जाऊ दिलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मावशींशी माझं नातं सांगायला तीन वाक्यं लागतात, म्हणून मावशी. लंडनमधल्या एजवेअरच्या त्यांच्या घरात मी वरच्या खोलीत राहते आणि सोबत करते. बाबांचं पनवेलला रिक्षांचं गॅरेज आहे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे जे शिकेन ते नीट शिकायचं असं ठरवून आलेय. शब्बाथ कडक पाळायलाही इथेच लागले. बाबा शनिवारी गॅरेज उघडतात. कोकणात आपल्या पूर्वजांना गाव शनवार तेली म्हणायचं, कारण ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, हे मी त्यांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, तेल्यांना मुलीला लंडनला पाठवायचं नव्हतं.

आज मावशींना प्रबंधाचं दुसरं प्रकरण मराठीत समजावून सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. जिवाला धोका आहे की नाही अशी नुसती शंका असली तरी शब्बाथ मोडायचा. आणि तो लहानावर किंवा परक्यावर ढकलायचा नाही, घरातल्या मोठ्या, जाणत्या माणसाने मोडायचा, म्हणजे कुणाला वाटायला नको की नाइलाजाने केलं.

"असं आहे होय," मावशी म्हणाल्या. "रब्बीणबाई, दाणे टोपात टाका, खाऊ नका."

रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा कळ. पुन्हा रूबेनदादा. या वेळी अँब्युलन्स नको म्हणून मावशींनी माझं मनगटच धरून ठेवलं. मेलेच तर तुझी जबाबदारी नाही, म्हणाल्या. शास्त्राला हे मान्य नाही, पण त्यांची पकड घट्ट होती. छाती दुखणाऱ्या माणसाच्या मानाने फारच घट्ट.

रूबेनदादा किती उदार आहेत. येताना त्यांनी माझ्यासाठी त्यांचं कॉफी मशीन आणलं. इटालियन, चकचकीत. मी नको म्हणत होते, तर म्हणाले, "घे, मला काय करायचाय आता." (त्यांचं मराठी असंच आहे, मशीन पुल्लिंगी.) मावशींना त्यांच्या वडिलांचं घड्याळ परत दिलं. इथेच सेफ राहील, म्हणाले. मला वाटतं, वस्तूंचा मोह सुटणं ही मोठी गोष्ट आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला उठले.

मग आठवलं, शब्बाथ. परत बसले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आता लिहितेच. कळ खोटी आहे.

गेले चार शनिवार बघतेय. काल सकाळी मावशींनी आदल्या दिवशीच्या उरलेल्या चार अळूवड्या खाल्ल्या, वर चहा मागितला (मी दिला नाही, विजेची किटली), आणि पंधरा मिनिटांनी कळ आली. या वेळी उजवीकडे. मी म्हटलं, मावशी, मागच्या वेळी डावीकडे होती. त्या म्हणाल्या, "फिरते."

मी फोन लावला, कारण नियम तोच. पण जीव जळला. त्यांना मुलाची आठवण येते, हे मला कळतं. पण आठवण येणं म्हणजे जीवघेणा धोका नव्हे. आणि पाप कोण करतंय? मी. माझं तिसरं प्रकरण यावरच आहे: एखाद्याने दुसऱ्याच्या भल्यासाठी आपण पाप करणं एक वेळ ठीक, पण त्यासाठी तिसऱ्याच माणसाला पापात ओढावं का? जुन्या पंडितांमध्ये यावर बरेच मतभेद आहेत. मावशींचा मतभेद दिसत नाही.

आमच्या सिनेगॉगच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, ईमेल लिहिली. चार परिच्छेद, तळटिपांसह.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

रब्बींचं उत्तर दोन ओळींचं. शंका असेल तर फोन लावावा. आणि मावशींच्या मुलाचं कसं चाललंय? मुद्दा सोडून कुटुंबाची चौकशी करणं ही इथली सभ्यता आहे. मी लिहिलं, ठीक आहेत, आभारी आहे.

पण मला शंका नाहीच, खात्री आहे. म्हणून आज बोललेच.

"मावशी, तुम्हाला कळ येत नाही."

"येते."

"कुठे?"

त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. स्वच्छच होता.

"शनिवारी येते," म्हणाल्या.

मी शांतपणे सांगितलं की येत्या शब्बाथला मी फोनला हात लावणार नाही. रूबेनदादांना भेटायचं तर रविवार आहे, सहा वार आहेत. त्या म्हणाल्या, रविवारी तो आईला भेटायला येतो, शनिवारी त्याला घरातून बाहेर काढावं लागतं. यात काय फरक, मला कळलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. रब्बीणबाईंचा हुकूम."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

रविवार, २ मार्च

हे क्रमाने लिहायला हवं.

काल सकाळी मावशींना कळ आली नाही. मी खूश होते. त्या हॉलमध्ये फोनजवळच्या स्टुलावर बसून होत्या. शुक्रवारी दुपारी त्यांनी रूबेनदादांना फोन केला होता आणि ते फार छान बोलले होते. मावशींनी मला ते दोनदा सांगितलं होतं: "छान बोलला. माझ्या हातच्या चिकन करीची आठवण काढली. आभार मानले." मी म्हटलं होतं, किती चांगलं.

अकराच्या सुमाराला त्यांनी रिसीव्हर उचलला. पन्नास वर्षं या देशात आणि त्याआधी अलिबागला, या बाईने शब्बाथला दिव्याचं बटणसुद्धा दाबलेलं नाही. मी धावले.

"मावशी, कळ आली का?"

"नाही."

"मग थांबा, निदान मी लावते. नाहीतर शेजारच्या वैभवीला..."

"मोडायचा तर मोठ्या माणसाने, तूच सांगितलंस ना? या घरात मोठी कोण?"

आणि त्यांनी नंबर फिरवला. पाठ होता. वाजत राहिला. पुन्हा लावला. मोबाइल लावला, तो बंद. मावशींनी रिसीव्हर ठेवला आणि खुंटीवरचा कोट घरातल्या गाउनवरच चढवला.

बाहेर वैभवी कचऱ्याचे डबे आत घेत होती. ती पुण्याची, आयटीतली, आमच्याशी फार चांगली वागते. शब्बाथला परक्याला, म्हणजे ज्यू नसलेल्याला, सरळ काम सांगायचं नसतं, आडून सुचवायचं असतं, म्हणून मी म्हटलं, आज रस्त्यावर टॅक्सी दिसत नाहीत, नाही का? वैभवी म्हणाली, हो ना, सगळे ॲपवरूनच बोलावतात. मी म्हटलं, मेडनहेड बरंच लांब असेल. ती म्हणाली, तासभर असेल.

"वैभवी," मावशी मागून म्हणाल्या, "टॅक्सी बोलाव. मेडनहेडला. आत्ता."

त्यांना एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. ऐंशीला टेकलेली बाई, गाउनवर कोट, हीच जिवाच्या धोक्याची शंका धरली आणि मी गाडीत बसले. एम पंचवीस हमरस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. ड्रायव्हरच तेवढा बोलत होता, आणि स्लाउ आल्यावर तोही गप्प झाला, कारण त्याला बाथरूमला जायचं होतं.

रूबेनदादांच्या घराचे पडदे ओढलेले. मी बेल वाजवणार, तर हात मध्येच थांबला, विजेची बेल. मावशींनी दाबली. कुणी आलं नाही. मी हलकेच दार ठोठावलं. कुणी नाही. मावशी दाराच्या फटीतून हाका मारत होत्या, रूबेन, अरे रूबेन, अगदी शाळेला उठवल्यासारख्या. मी म्हटलं, बाहेर गेले असतील. मावशींनी ऐकलंच नाही.

मग ड्रायव्हर उतरला. त्याला आता दम नव्हता. त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं, खिडकी बडवली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला की घरात कुणी असेल तर देवाच्यान दार उघडा, मला टॉयलेट पाहिजे.

दार उघडलं.

रूबेनदादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. एवढे नीटनेटके मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ड्रायव्हर त्यांना ढकलून आत गेला. रूबेनदादांनी नुसता हात करून त्याला दाखवलं, जिन्याखाली.

मावशी दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मला अवघड झालं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. आणि बघतच राहिले. ओटा लखलखीत. कपाटं उघडी आणि रिकामी, फळ्या पुसलेल्या. खिडकीतली झाडं नव्हती, शेजारी दिली म्हणे. फ्रिज पूर्ण रिकामा, बंद केलेला, दार मिटू नये म्हणून मध्ये टॉवेलची घडी. आत ब्रेडचा कणही नाही, पेसाखच्या सणाआधी घरातलं आंबवलेलं सगळं काढून टाकतात तसं.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच: "रूबेनदादा! पेसाखची तयारी? अहो, अजून सहा आठवडे आहेत!"

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं. मी त्यांना सांगत होते की मावशी अजून पेसाखला कोकणातल्या जुन्या नावाने अनशी ढाकाचा सण म्हणतात, आणि एवढी साफसफाई तर मावशीही आदल्या आठवड्यात करतात, आणि ज्यांना लोक धर्म न पाळणारे समजतात तेच बघा. ते हसायला लागले. आधी थोडंसं, मग थांबता येईना. हसत हसत फ्रिजला पाठ लावून खाली बसले आणि मग मला कळेना की हे हसणं आहे की रडणं.

मावशींना गुडघ्यांमुळे खुर्चीतूनही उठवत नाही. त्या कशा कोण जाणे खाली त्यांच्या शेजारी लादीवर बसल्या. त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. मग मला म्हणाल्या, "येमी, फ्रिज लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, मावशी, शब्बाथ.

"लाव."

"पण फ्रिजचा जिवाशी काय..."

"येमिमा."

त्या मला कधी पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. मी टॉवेलची घडी काढली, दार लावलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. फ्रिज घरघरला. ड्रायव्हर बाहेर आला, तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, चहा करू का कुणाला? कपाट रिकामं होतं. त्याने गाडीतून स्वतःचा थर्मास आणला.

सोमवार, ३ मार्च

रूबेनदादा आमच्याकडे आहेत, त्यांच्या जुन्या खोलीत. मावशी आज त्यांना जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेल्या आणि दोन तास तिथेच बसल्या. थकवा असेल. नोकरी गेल्यावर माणूस थकतो.

मला मात्र झोप लागलेली नाही. फोनला शास्त्राचा आधार आहे. टॅक्सीला आधार आहे. फ्रिजला कसलाच आधार नाही. मी शब्बाथला, हातीपायी धड असताना, कुणीही आजारी नसताना, एक रिकामा फ्रिज चालू केला. का? एका वयस्क बाईने दटावलं म्हणून. प्रबंधात हे उदाहरण घालायची सोय नाही.

रब्बींना लिहिलं. या वेळी तळटिपा नव्हत्या. त्यांनी लिहिलं, या, बोलू.

गुरुवार, ६ मार्च

रब्बी तरुण आहेत. खांद्यावर बाळाने दूध काढल्याचा डाग होता. त्यांनी मला बिस्किटं दिली आणि सगळं सांगू दिलं. मी कळीपासून सुरुवात केली. डावी बाजू, उजवी बाजू, कॉफी मशीन, घड्याळ, वैभवी, ड्रायव्हर. ड्रायव्हरपाशी ते हसले. मग मी फ्रिजबद्दल विचारलं.

त्यांनी विचारलं, फ्रिजमध्ये काय होतं?

काहीच नाही.

कपाटात?

काहीच नाही. झाडंसुद्धा शेजारी दिली होती.

पेसाखला किती दिवस होते?

सहा आठवडे.

ते पेसाख पाळतात?

कधीच नाही, मी म्हटलं, तीच तर गंमत, मी त्यांना तसं म्हटलं आणि ते एवढे हसले, की...

माझं वाक्य तिथेच राहिलं. रब्बींनी ते पूर्ण केलं नाही. बिस्किटांची बशी उगाचच थोडी माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर दुधाची गाडी होती. ती गेल्यावरही ते बघत होते.

मग म्हणाले, जिवासाठी शब्बाथ मोडायला जो धावतो त्याचं आपल्याकडे कौतुक केलंय. आणि जो आधी विचारत बसतो, त्याच्यासाठी एक फार कडक शब्द आहे. "तो मी तुम्हाला सांगत नाही," ते म्हणाले. "तुम्ही फ्रिज आधी लावलात आणि नंतर विचारलंत."

मी चालत घरी आले. मावशी दारात मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसून निवडू लागले. देठ राहतायत, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

शुक्रवार, ७ मार्च

तिसरं प्रकरण काढून टाकलं.

रूबेनदादांना कॉफी मशीन परत दिलं. म्हटलं, मला चहाच आवडतो. खरं तर मला त्या कॉफीची चांगलीच सवय लागलीय. हे खोटं कोणत्या प्रकारात बसतं ते पाहिलेलं नाही.

रविवार, १६ मार्च

मावशींनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोललेला असला की तो असाच फेडायचा, ही आपली जुनी रीत. रूबेनदादांनी नारळ फोडला, तो ओबडधोबड तीन तुकड्यांत. वैभवी आली होती. ती म्हणाली, मावशींची छाती बरी झाली, चांगलं झालं. मावशी म्हणाल्या, हो ना, वायूच होता.

रविवार, ३० मार्च

रूबेनदादा मंगळवारी घरी गेले. आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायला जातात. मुलं ईस्टरच्या सुटीत येणार आहेत. झाडं परत आणली, त्यातलं एक शेजाऱ्याने जास्त पाणी घालून मारलंय.

मावशींनी त्यांना एक अट घातली: शनिवारी दुपारी बाराला घरच्या फोनवर फोन करायचा. आम्ही उचलणार नाही. वाजला की झालं.

ते म्हणाले, "मम्मी, शब्बाथला तू मला फोन करायला सांगते?"

"तुला सांगतेय. मी कुठे उचलतेय?"

महिन्यापूर्वी मी यावर पाच पानं लिहिली असती. या वेळी मी फक्त फोनची वायर नीट बसलीय ना, ते शुक्रवारी अंधार पडायच्या आत बघून ठेवलं.

काल बारा वाजले. टेबलावर ताटं मांडलेली. मावशी डाव हातात घेऊन उभ्या. फोन वाजला नाही. मी म्हटलं, घड्याळ पुढे असेल. त्या हो म्हणाल्या. आणखी थोडा वेळ गेला. त्यांनी डाव खाली ठेवला आणि हॉलमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या खुंटीवरचा कोट काढत होत्या. मी काही विचारलं नाही. वैभवीचं दार ठोठावायला निघाले. या वेळी आडून सुचवणार नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. तो वाजत होता, वाजत होता, बंद पडायचं नाव नाही.

"उशीर," मावशी म्हणाल्या. "लहानपणापासून असाच."

कोट परत खुंटीला लावायला त्यांना दोनदा हात वर न्यावा लागला. फोन थांबला, मग लगेच पुन्हा वाजू लागला.

"तो खेळतोय आता," त्या म्हणाल्या. "वाजू दे. चल, वाढ तू."